चारशे बारा जणांपायी एक नावाडी

दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याच्या बायकोने फोनवरून माणूस मारायला सांगितला, ही बातमी इमारतीत दुपारी सव्वातीनला फुटली आणि चार वाजेपर्यंत गच्चीवरच्या कबुतरांनाही तोंडपाठ झाली. फोडली तळमजल्यावरच्या शिवणकामवालीने. ती बिचारी पडद्यांचं माप घ्यायला वर गेली होती. दार अर्धवट उघडं, आणि आत बाई फोनवर, बिघडलेला पंखा भंगारात द्यायला सांगावा इतक्या शांतपणे म्हणत होत्या, “नावाड्याला मारा. हो, मीच सांगतेय. बाकीच्यांना हात लावू नका.” शिवणकामवालीने टेप गळ्यातच ठेवली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत ती खाली आली.

मग काय विचारता. इमारतीपासून सगळ्यात जवळची नदी बसने दीड तासावर, पण संशयाला पूल लागत नाही. कुणी म्हणालं, लग्नाआधीचं प्रकरण असणार. कुणी म्हणालं, ते जाऊ द्या, “बाकीचे” म्हणजे नक्की किती? पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी चष्मेवाल्याला जिन्यात गाठून, हल्ली जेवण घरीच होतं ना, चवीत काही फरक जाणवतो का, अशी चौकशी केली. चष्मेवाला भोळा. म्हणाला, “मीठ जरा कमी असतं.” मास्तरांनी अर्थपूर्ण मान हलवली.

खरी गोष्ट अशी की नावाडी हा हाडामांसाचा माणूसच नव्हता. संगणकावरच्या एका गेममधला तो एक म्हातारा. बाईंनीच त्याला जन्माला घातला होता आणि त्या दुपारी बाईंनीच संपवला. म्हणजे अफवा खोटी. पण अगदीच खोटी म्हणायची तर जीभ अडखळते. शिवणकामवाली आजही म्हणते, “मी ऐकलं ते ऐकलंच.” आणि बाई त्यावर वाद घालत नाहीत.

बाई मूळच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या. तक्रार खिडकीवर सोळा वर्षं काढलेल्या. कुणाच्या नळाला गढूळ पाणी, कुणाच्या नळाला पाणीच नाही, कुणाची तक्रार फक्त एवढीच की शेजाऱ्याला जास्त येतं. सगळे खिडकीशी येऊन बोटं नाचवणार. त्या खिडकीची एक रीत होती, आणि ती एका जुन्या कारकुनाने बाईंना पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. समोरचा काहीही मागो, आपण म्हणायचं, “होईल.” त्यात खोटेपणा काही नव्हता. नळ दुरुस्त करणारे मागच्या आवारात. ते करतील की नाही हे त्यांचं त्यांनी बघायचं. खिडकीचं काम रांग पुढे सरकवण्याचं. मात्र बाईंचं “होईल” साधंसुधं नसे. चिडलेल्याला एक, रडवेल्याला दुसरं, वकिली थाटात आलेल्याला तिसरं. माणूस पाण्याविना परत जाई, पण तहान भागल्यासारखा.

एक दिवस त्या रांगेत राजे आले. तिशीचे, विस्कटलेल्या केसांचे, सदऱ्याचं एक बटण कायम चुकीच्या काजात. खरं नाव काही का असेना, सगळे त्यांना राजेच म्हणत, कारण उठता-बसता ते एका राज्याबद्दल बोलत, आणि ते राज्य अजून कुठेच नव्हतं. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी वीसेक माणसं गोळा करून गेम बनवायचा स्टुडिओ काढला होता. खाली अजून वार्निशचा वास येई आणि वर नळाला पाणी येत नसे, म्हणून ते तक्रार घेऊन आले. आपला नंबर येऊन गेला तरी ते बाजूला उभे राहिले आणि तासभर बाईंना ऐकत बसले.

“तुम्ही प्रत्येकाला वेगळं ‘होईल’ म्हणता,” राजे शेवटी म्हणाले. “आमच्या राज्यात माणसं आहेत, पण ती सगळी एकसारखी बोलतात. तुम्ही लिहून द्याल?”

“होईल,” बाई म्हणाल्या. सोळा वर्षांची सवय. ओठ आधी हलले, डोकं मागून आलं. स्थानिक रेडिओसाठी पाच-पाच मिनिटांच्या नाटुकल्या त्या लिहीत असत, पण जादूच्या राज्याशी त्यांचा संबंध लहानपणी ऐकलेल्या गोष्टींपुरताच होता. दोन महिन्यांनी खिडकी सोडून त्या वार्निशच्या वासात जाऊन बसल्या. चष्मेवाला म्हणाला, “अगं, पण तिथे तू करणार काय?” त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या, “बघू.”

गेमची गोष्ट अशी. खेळणारा म्हणजे एक हद्दपार राजपुत्र. सात प्रांतांचं राज्य, त्यात ड्रॅगन, चेटकिणी, शापित किल्ले, आणि गोष्टीच्या अगदी सुरुवातीला एक नदी. नदी ओलांडली की राज्य सुरू. तेव्हा नदीवर नावाडी हवाच. बाईंना पहिलं काम मिळालं ते या नावाड्याचं. राजे म्हणाले, “याला सगळं लक्षात राहिलं पाहिजे. खेळणाऱ्याने केलेलं, न केलेलं, सगळं.”

आता सगळं लक्षात ठेवणारा माणूस शोधायला बाईंना घराबाहेर जावं लागलं नाही. त्यांच्या सासूबाईंची स्मरणशक्ती म्हणजे घराला मिळालेलं वरदान की शाप, याचा निकाल बावीस वर्षांत लागलेला नव्हता. लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंकडून दूध उतू गेलं होतं, अजूनही त्या गॅस पेटवायला गेल्या की मागून आवाज येई, “लक्ष ठेव हो, तुझं नि दुधाचं जुनं वैर आहे.” बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या आणि सासूबाई तोंडातून काढतील ते टिपून घेऊ लागल्या. सासूबाईंना वाटलं, किराण्याची यादी चाललीय. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “एवढं काय गं लिहितेस? साखर एकदाच लिहायची असते.” बाईंनी तेही टिपून घेतलं.

असा तो नावाडी तयार झाला. दाढी लावलेल्या सासूबाई. राजपुत्र चिखलाच्या पायांनी नावेत चढला की तो म्हणे, “पाय पुसून चढ. नदी तुझ्या बापाची असेल, नाव माझी आहे.” राजपुत्राने पहिल्या खेपेला खोटं नाव सांगितलं तर दहा तास खेळून परत आल्यावर नावाडी सहज विचारी, “मागच्या खेपेला वेगळं नाव होतं. मला दोन्ही चालतात. तुझ्या आईला विचारून घे.” आणि पलीकडच्या काठावर जाऊन कुणी निरपराध माणूस मारला, तर परतीच्या खेपेला तो काहीच बोलत नसे. नुसती वल्ही मारी. राजपुत्र उतरला की मात्र तो ओल्या फडक्याने राजपुत्राची बसायची फळी पुसून काढी. बस, एवढंच. स्टुडिओतला एक दांडगा प्रोग्रॅमर ते पाहून खुर्चीतून उठला आणि पाणी प्यायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

या एका म्हाताऱ्याला अकरा महिने लागले. सोळा वर्षांत बाईंनी हजारो तक्रारी पुढे ढकलल्या होत्या. स्वतःच्या हाताने पूर्ण केलेली ही त्यांची पहिली गोष्ट. कुणाला सांगितलं नाही, पण कामावर आल्या की आधी त्या नावेत एक फेरी मारीत, आणि मुद्दाम चिखलाच्या पायांनी चढत.

मग एका मोठ्या सभागृहात गेमचं प्रदर्शन झालं. लोकांना पंधरा मिनिटं खेळायला दिली, आणि पंधरा मिनिटांत नदीच ओलांडून होते, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला नावाडीच आला. बाहेर रांग लागली. माणसं खेळून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत, का तर आपण खोटं नाव सांगितलेलं त्याच्या लक्षात राहतं का बघायला. सासूबाईंनाही चष्मेवाला घेऊन आला होता. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “मेला माझ्यासारखाच तोंडाळ आहे.” पण तिथून हलल्या नाहीत, उभ्या-उभ्या पाय दुखले तरी हलल्या नाहीत.

संध्याकाळी राजे मंचावर उभे होते. खाली खचाखच माणसं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, “राज्यात सगळेच या नावाड्यासारखे आहेत का?”

राजेंचा स्वभाव असा की त्यांना समोर माणसं दिसली की मनातलं आणि झालेलं यातली भिंतच पडे. खोटारडे नव्हते ते. त्यांना ते खरोखर दिसत असे. म्हणाले, “प्रत्येक जण. पाववाला, राणी, दरोडेखोर, भिकारी. नावाडी सोडून चारशे बारा.” मग त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या बाईंवर गेली आणि माइक तोंडाशी धरूनच त्यांनी विचारलं, “होईल ना, ताई?”

हजारभर डोकी वळली. बाईंच्या डोळ्यांसमोर सभागृह नव्हतं. खिडकी होती, आणि खिडकीबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली रांग.

“होईल,” त्या म्हणाल्या. टाळ्या इतक्या झाल्या की सासूबाईंनी कान झाकले.

चूक झाली ती इथे, आणि बाईंना ती घरी पोचायच्या आतच कळली. पाण्याच्या कार्यालयात “होईल” म्हणणारी खिडकी वेगळी आणि काम करणारे मागच्या आवारात. इथे मागचं आवार म्हणजेही त्याच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना त्यांनी एका पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. एकाला अकरा महिने, चारशे बारांना? तीनशे सत्त्याहत्तर वर्षं आणि आठ महिने. ते आठ महिने पाहून त्यांना हसूच आलं. पाकीट घडी करून त्यांनी टेबलाच्या खणात सरकवलं आणि राजेंना काही सांगितलं नाही. सांगणार होत्या, पण राजे त्याच वेळी आत आले, डोळ्यांत आनंद मावत नव्हता, म्हणाले, “ताई, लोक वेडे झालेत.” अशा माणसाच्या हातात पाकीट कसं ठेवायचं?

स्टुडिओच्या एका लांब भिंतीवर नावाड्याच्या चिठ्ठीशेजारी चारशे बारा चिठ्ठ्या लागल्या. प्रत्येकीवर एक माणूस: कुंभार, वेशीवरचा पहारेकरी, राणीची दाई. माणूस पूर्ण झाला की चिठ्ठीवर हिरवा ठिपका. दर सोमवारी राजे स्वतः ठिपके मोजत आणि वाट पाहणाऱ्या लोकांना आकडा कळवत. सुरुवातीला बाईंनी प्रामाणिकपणे केलं. कुंभाराला दीड महिना दिला. पण सोमवार दर आठवड्याला येतो, आणि एक ठिपका म्हणजे लोकांना काय सांगणार? मग माणशी शंभर वाक्यं ठरली. मग चाळीस. मग सहा. शेवटी शेवटी बाईंनी एक सामाईक वाक्य लिहिलं, “मी तुला विसरलेलो नाही,” आणि ते घाऊक भावात वाटायला सुरुवात केली. भिंत हिरवीगार झाली. लांबून शेत पिकल्यासारखी दिसे. जवळ गेलं तर आडातच पाणी नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

हे सगळं ओळखून होती एकटी खोडकाढी. हे तिचं स्टुडिओतलं नाव. दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आधी ती कापड गिरणीत होती. ताग्यावर नुसता हात फिरवून कुठे धागा तुटलाय ते सांगायची. एकदा स्टेपलरच्या पिना शोधताना तिला खणात ते पाकीट सापडलं. तिने उलटून पाहिलं, वाचलं, जागच्या जागी ठेवलं.

“ताई, हे राजेंना दाखवलंत?”

“दाखवेन.”

“कधी? तीनशे सत्त्याहत्तराव्या वर्षी?”

“तू तुझे धागे बघ,” बाई म्हणाल्या. पण त्या रागावल्या नव्हत्या. रागावायला हक्क लागतो.

लोकांपर्यंत गेम जायला नऊ दिवस उरले तेव्हा यंत्राने मान टाकली. राजधानीच्या वेशीत पाऊल टाकलं की चारशे बारा जणांच्या आठवणी एकदम जाग्या होत, नावाड्याची त्यांच्यात भर, आणि साधा संगणक धापा टाकत थांबून राही. आठवण म्हणजे तरी काय, कोण आपल्याशी कसं वागला त्याचं ओझं. ते माणसालाही जड जातं, यंत्राची काय कथा. प्रोग्रॅमरांनी वजन करून सांगितलं: एकट्या नावाड्याच्या आठवणी बाकी चारशे बारांच्या एकत्र आठवणींएवढ्या भरतात. दोघांपैकी एकच वाहून नेता येईल. कुणाची आठवण काढून टाकायला स्टुडिओत “मारणं” म्हणत.

त्या दिवशी सासूबाईंचा पाय मुरगळला म्हणून बाई घरी होत्या. दुपारी फोन आला. पलीकडे राजे आणि खोडकाढी दोघंही.

“ताई, चारशे बारांना मारा,” खोडकाढी आधी बोलली. “मुके राहू देत. नावाडी ठेवा. आणि लोकांना सरळ सांगा, एवढंच जमलं.”

“लोकांना आपण चारशे बारा सांगितलेत,” राजेंचा आवाज बसला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ते हळू बोलत होते. “सगळ्यांसमोर सांगितलेत. ताई, तुम्ही ठरवा. तुमचीच माणसं आहेत.”

“गिरणीत तागा खराब निघाला तर आम्ही चांगला तुकडा कापून बाजूला ठेवायचो,” खोडकाढी म्हणाली. “तुम्ही चांगला तुकडा फेकायला निघालात.”

बाई खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं. आतून सासूबाई विचारत होत्या, कुणाचा गं फोन, किती वेळ बोलतेस, मागच्या वेळीही असंच बोलता बोलता भात करपवला होतास. नावाडी ठेवायचा तर हजार माणसांसमोर म्हणावं लागणार होतं की, नाही झालं. हे दोन शब्द सोळा वर्षांत आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते, आणि त्या दुपारीही निघाले नाहीत. निघालं ते वेगळंच, जे अर्धवट उघड्या दारातून शिवणकामवालीने ऐकलं.

नऊ दिवसांनी गेम लोकांच्या हाती पडला. पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी कुजबुज, तिसऱ्या दिवसापासून हशा. पाववाला म्हणे, “मी तुला विसरलेलो नाही.” दरोडेखोर म्हणे, “मी तुला विसरलेलो नाही.” राणीही “विसरलेलो”च म्हणे, कारण तिचं वाक्य बदलून घ्यायला वेळ राहिला नव्हता. ज्या विधवेचा नवरा राजपुत्राने मारला ती म्हणे, मी तुला विसरलेलो नाही, आज ताजी मेथी आली आहे. आणि एवढं करूनही राजधानीच्या वेशीत यंत्र धापा टाकायचंच. माणसं तेवढ्यात चहा करून येत. सगळ्यात वाईट वाटलं ते प्रदर्शनाच्या रांगेत दोन-दोनदा उभे राहिलेल्यांना. ते चिखलाचे पाय घेऊन नावेत चढले, खोटं नाव सांगून आले, माणसं मारून आले. नावाडी सगळ्यांकडे सारख्याच नजरेने बघे आणि म्हणे, “मी तुला विसरलेलो नाही.”

गेममध्ये काय चुकलं यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. कुणी म्हणालं लढाया कंटाळवाण्या, कुणी म्हणालं सात प्रांतांपैकी चार ओसाड. ते सगळं खरंच होतं. पण ओसाड जागा माणूस माफ करतो. एकदा बोलकं पाहिलेलं मुकं झालं की तो माफ करत नाही.

सासूबाईंचा पाय बरा झाला तेव्हा त्या मुलाच्या संगणकाशी येऊन बसल्या. “चल, त्या नावाड्याला बोलता कर,” म्हणाल्या. बाईंनी नदीपर्यंत नेऊन दिलं. सासूबाईंनी त्याचं तेच वाक्य दोनदा ऐकलं.

“याला काय झालं?”

“आई, त्याची आठवण काढून टाकली. बाकीच्यांना जागा हवी होती.”

“म्हणजे नुसता बसवून ठेवलात.” सासूबाई उठल्या. “म्हाताऱ्या माणसांचं असंच करतात लोक. त्यापेक्षा बुडवायचा होतात नदीत, निदान नदी तरी त्याची होती.” त्या दिवसापासून कित्येक महिने दूध, भात, साखर, कशावरूनही टोमणा आला नाही. बाईंनी कितीतरी वेळा मुद्दाम गॅस मोठा ठेवून पाठ फिरवली; मागून आवाज आला नाही. या घरात शांतता हीच सगळ्यात मोठी शिक्षा, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल.

स्टुडिओ चार महिन्यांनी बंद झाला. राजेंनी सगळ्यांना भिंतीसमोर बोलावलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोर माणसं असूनही काही दिसलं नाही. सदऱ्याचं बटण त्या दिवशीही चुकीच्या काजातच होतं. लोकांनी आपापले कप, कुंड्या, खुर्चीवरच्या उशा उचलल्या. बाईंनी काही घेतलं नाही. खोडकाढीने जाताना नावाड्याची चिठ्ठी काढून त्यांच्या पिशवीत कोंबली. ती आता एका छपाईच्या कारखान्यात आहे म्हणे. तिथेही तिचा धाक आहे.

पाण्याच्या कार्यालयात बाईंची खिडकी आता राहिली नव्हती. तिथे फोनवर ध्वनिमुद्रित आवाज बोलतो आणि त्याचं “होईल” सगळ्यांना एकच. म्हणून त्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात बसू लागल्या. आणि इथे गंमत झाली. बाईंना “नाही” म्हणायचा नाद लागला. शनिवारपर्यंत काच बसेल का? “नाही, मंगळवार.” ही फ्रेम मला शोभते का? “नाही.” चष्मेवाला काउंटरखाली हात जोडायचा. “अगं, जरा बघून, विचार करून…” “विचार करूनच नाही म्हटलं.” पहिले काही दिवस गिऱ्हाइकं रुसली. मग हळूहळू लांबून लांबून यायला लागली, कारण मंगळवार म्हटलं की मंगळवारीच चष्मा मिळे, आणि आरशापेक्षा बाई खऱ्या निघत. पाचव्या मजल्यावरचे मास्तर तीन दुकानांत चष्मे बघून शेवटी इथे आले. बाई म्हणाल्या, “मास्तर, फ्रेम ठीक आहे, चेहरा जरा हसरा ठेवा.” मास्तर अजून खुनाची गोष्ट विसरलेले नाहीत, म्हणून निमूट हसले.

दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली ती चिठ्ठी आहे: “नावाडी”, आणि त्यापुढे हिरवा ठिपका. कुणी विचारलं तर बाई म्हणतात, ते एक जुनं गिऱ्हाईक.

दीड वर्षाने राजे आले. डोळे बिघडले होते. दिवसभर पडद्यात बघून बिघडायचेच. खुर्चीत बसून त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचली, वरच्या दोन ओळी बरोबर, पुढच्या सगळ्या अंदाजाने, पण ठणठणीत आवाजात. चष्मेवाला म्हणाला, “दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा.” राजे ओशाळले. जोड्यांना चिखल लागला होता, फरशीवर दारापासून ठसे उमटले होते. बाईंनी ठशांकडे पाहिलं.

काचा बदलता बदलता राजेंचं लक्ष काउंटरकडे गेलं. काचेखालची चिठ्ठी त्यांनी नव्या काचांतून वाचली, नीट वाचता आली बहुतेक, कारण बराच वेळ मान वर केली नाही.

“ताई, मी रोज विचार करतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी मंचावर मी तुमच्याकडे बघायला नको होतं.”

“मी हो म्हणायला नको होतं,” बाई म्हणाल्या. “आपण दोघांनी मिळून मारला त्याला. तुम्ही एकट्याने श्रेय घेऊ नका.”

राजे हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. नवीन काचा, पाणी येतंच. मग हळूच म्हणाले, “आता एक लहान काम आहे. चार माणसं मिळून करतोय. एक नदी, एक नाव. नावाडी पुन्हा हवा होता. पहिलाच, आठवणींसकट.” इथवर ठीक होतं. पण राजे ते राजेच. त्यांचे डोळे चमकायला लागले. “आणि पलीकडच्या काठावर एक गाव ठेवलंय, ताई. फार मोठं नाही. साठेक माणसं. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. होईल ना?”

चष्मेवाल्याने हातातला पेचकस खाली ठेवला. बाईंनी एक फडकं काढलं, काउंटरला वळसा घालून आल्या, राजेंच्या हातात ते दिलं आणि दारापासूनच्या ठशांकडे बोट दाखवलं.

“नावाडी देते,” बाई म्हणाल्या. “गाव नाही. पलीकडे धुकं आहे म्हणून सांगा. आणि आधी पाय पुसा, माझ्या सासूबाई सहा वाजता दुकानात येतात.”